‘घेतला’ म्हणेपर्यंत

मी टायपिस्ट आहे, वकील नाही. हे वाक्य मी आयुष्यात जितक्या वेळा बोललो असेन, तितक्या वेळा स्वतःचं नावही सांगितलं नसेल. कोर्टाच्या फाटकासमोर माझं टेबल आहे. लोक येतात, अर्ज सांगतात, मी टाइप करून देतो. पंचवीस वर्षं कायद्याची भाषा बोटांतून गेली, म्हणजे ती डोक्यातही शिरली असणार, असं आमच्या नातेवाइकांनी परस्पर ठरवून टाकलंय. जरा कुठे खुट्ट झालं की वकील नको, मेव्हण्याला बोलवा. फुकटात काम होतं.

ही गोष्ट माझ्या भाऊजींची. थोरल्या बहिणीचे यजमान. पाणीपुरवठ्याच्या पंपहाउसवर चौतीस वर्षं ऑपरेटर. कामावर त्यांना सगळे ‘खुंटा’ म्हणत, कारण एकदा रोवला की हलत नाही. स्वतःच्या लग्नालाही ते पाऊण तास उशिरा पोचले होते. बदलीचा माणूस आला नव्हता, म्हणून. आमच्या वडिलांनी तेव्हाच ताईला विचारलं होतं, अजून वेळ आहे, विचार कर. ताई म्हणाली, उशिरा का होईना, आला ना.

पंपहाउस म्हणजे एक लांबट खोली. ओळीने तीन पंप, हिरव्या रंगाचे, जिथे हात लागतो तिथला रंग उडालेला. भिंतीवर घड्याळ. एक स्टूल, त्याच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी. टेबलावर लॉगबुक आणि त्याला सुतळीने बांधलेलं पेन, कारण पेनांना पाय फुटतात. दर तासाला उठायचं, प्रेशर बघायचं, टाकीची पातळी बघायची, ओळीत आकडे लिहायचे, शिफ्टच्या शेवटी सही ठोकायची. बेअरिंगवर हात ठेवून ते किती गरम आहे ते बघायचं. त्यासाठी लॉगबुकात रकाना नाही, पण सगळे बघतात.

आणि एक रिवाज होता. व्हॉल्व्ह फिरवायचा एक भला मोठा पाना असतो, हातभर लांब. शिफ्ट संपली की जाणारा माणूस तो पाना येणाऱ्याच्या हातात देतो आणि म्हणतो, “दिला.” येणारा म्हणतो, “घेतला.” एवढंच. पण ‘घेतला’ हा शब्द कानावर पडल्याशिवाय जाणाऱ्याने जागा सोडायची नाही. हे कुठल्या नियमात लिहिलेलं नाही. भाऊजींच्या आधीचे करत होते, त्यांच्या आधीचेही करत असतील.

भाऊजींची शिफ्ट सकाळी सहा ते दुपारी दोन. दोनला पाना घेणारा माणूस बावीस वर्षं एकच. त्याला सगळे ‘भोंगा’ म्हणत. आवाज असा की त्याने पंपहाउसमध्ये खोकलं तर फाटकावरचा माणूस दचकायचा. असा आवाज असल्यावर युनियनचा सेक्रेटरी दुसरा कोण होणार?

पूर्वी प्रत्येक शिफ्टला दोन माणसं असत. मग एकेक हेल्पर रिटायर होत गेला आणि जागा भरणं बंद झालं. आता आठ तास एकच माणूस. त्याने डबा खायचा तोही पंपाकडे बघत आणि लघवीला जायचं तर पळत. भोंग्याची मागणी एकच होती: शिफ्टला दोन माणसं. चार वर्षं अर्ज झाले. त्यातले तीन मीच टाइप केलेत, पैसे न घेता. उत्तर एकाचंही नाही. शेवटी युनियनने संपाची नोटीस दिली. कायद्यात लिहिलंय की पाण्यासारख्या कामात संप करायचा तर चौदा दिवस आधी कळवा. त्यांनी कळवलं. तेराव्या दिवशी सरकारी आदेश आला: पाणीपुरवठा ही अत्यावश्यक सेवा, सहा महिने संपाला बंदी, जो संप करेल त्याला नोकरीवरून काढता येईल, जो करायला लावेल त्याला आधी.

तो आदेश घेऊन भाऊजी माझ्या टेबलाशी आले. सोबत भोंगाही होता.

“कायदा म्हणाला, आधी सांगून संप करा,” भोंगा म्हणाला. समोरच्या चहावाल्याने मान वर करून बघितलं. “आम्ही सांगितलं. आता कायदा म्हणतो, करूच नका. मग विचारलं कशाला होतं?”

“मी टायपिस्ट आहे,” मी म्हणालो.

“ते असू दे. कोण बरोबर, ते सांग.”

मी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. वेगवेगळे वाचले की दोन्ही बरोबर वाटत. एकापाठोपाठ वाचले की डोकं गरगरायला लागे. बरं, आदेशाच्या बाजूनेही बोलण्यासारखं होतंच की. पाणी बंद पडलं तर दवाखान्यात काय करायचं? बाळंतिणीने काय करायचं? पण मग ज्याच्या कामावाचून गावाचं अडतं, त्याने कधीच काम थांबवायचं नाही, आणि ज्याच्या वाचून कुणाचं काही अडत नाही त्याने खुशाल थांबवावं, असा अर्थ निघतो. मी माझ्या टेबलावर संप केला तर मला कुणीही अडवणार नाही. कुणाला कळणारही नाही.

भोंगा निघून गेल्यावर भाऊजी खुर्ची ओढून बसले. त्यांची अडचण निराळी होती.

“हे वाच,” त्यांनी आदेशातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. संप म्हणजे काय, ते तिथे सांगितलं होतं. काम बंद ठेवणं हा तर संपच. पण सेवा चालू ठेवण्यासाठी गरज असताना जादा वेळ काम करायला नकार देणं, हाही संप.

“संप सोमवारी दुपारी दोनला सुरू,” भाऊजी म्हणाले. “माझी शिफ्ट दोनलाच संपते. दोनला मी घरी गेलो, तर मी संपावर का घरी?”

“घरी.”

“पण पुढचा माणूस आलेला नसताना गेलो. म्हणजे जादा कामाला नकार. म्हणजे संप.”

मी ओळ पुन्हा वाचली. “हो, तसं दिसतंय खरं.”

“आणि थांबलो तर?”

“मग कामावर.”

“युनियनचा ठराव आहे, दोननंतर जो पंपाला हात लावेल तो संपफोड्या. भोंग्यानेच मांडला, मीच हात वर केला. मग दोन वाजता मी करायचं काय? हवेत विरघळायचं?”

 भाऊजी आदेशाच्या कोपऱ्याला घड्या घालत बसले. मग म्हणाले, “ते सगळं राहू दे. पण ‘घेतला’ कोण म्हणणार?”

सोमवारी दोन वाजले आणि ‘घेतला’ कुणीही म्हटलं नाही. सगळे फाटकाबाहेर बसले, भोंगा घोषणा देत होता आणि आत खुंटा रोवलेला. त्यांनी काही ठरवलं वगैरे नव्हतं. फक्त पाना हातात होता आणि तो द्यायला कुणी नव्हतं.

मी आपलं तत्त्व बाजूला ठेवून आदल्या दिवशी घरातली सगळी भांडी, अगदी कुकरसुद्धा, पाण्याने भरून ठेवली होती. पण संपाचे दोन्ही दिवस नळाला पाणी होतं. लोक म्हणाले, बघा, संपाचा काही परिणाम झाला नाही. कमी माणसांत काम होतंय म्हणजे आधीच माणसं जास्त होती. असल्या शहाण्यांना काय म्हणायचं ते मी टाइप करू शकत नाही.

ताई रोज डबा घेऊन फाटकाशी जायची. बाहेर बसलेल्या बायका तिच्याकडे पाठ करायच्या. डबा मात्र कुणी अडवला नाही. भोंगा स्वतः उठून तो आत सरकवायचा आणि तोंडाने घोषणा चालू ठेवायचा. बुधवारी दुपारी दोनला, मागण्यांवर विचार करू असं आश्वासन मिळालं आणि संप मागे घेतला गेला. भोंगा आत आला, पाना घेतला. छप्पन्न तासांनी भाऊजी घरी आले, जेवले नाहीत, चपला न काढता झोपले.

गुरुवारी फाटकाजवळच्या फळ्यावर खडूने त्यांचं नाव लिहिलेलं होतं आणि पुढे ‘संपफोड्या’. कॉलनीत बावीस वर्षं शेजारी राहणाऱ्या बाईने ताईकडून नेलेली चाळणी दारात ठेवली आणि बेल न वाजवता गेली.

आणि त्याच्या पुढच्या सोमवारी ऑफिसची नोटीस आली. आपण मंगळवार व बुधवार रोजी बेकायदेशीर संपात सहभागी झाल्याचे दिसून येते. आपणास सेवेतून का काढून टाकू नये, याची कारणे दाखवा.

मला आधी हसू आलं. मग ताईचा चेहरा बघितला आणि ते गिळलं. नोटिशीत लिहिलं होतं की सेवेतून काढलं तर कॉलनीतली खोलीही महिन्यात रिकामी करावी लागेल. रिटायर व्हायला आठ महिने उरले होते.

“अहो, तुम्ही आतच होता ना?” ताईने विचारलं. जणू तिलाही संशय आला होता.

“होतो की.”

घोळ असा होता. हजेरीचं रजिस्टर फाटकावर असतं. येताना सही, जाताना सही. भाऊजी सोमवारी सकाळी आत गेले ते बुधवारी दुपारी बाहेर आले. मधल्या काळात ते फाटकातून गेलेच नाहीत, मग सही कुठून होणार? मंगळवार कोरा, बुधवार कोरा. मग पंप कोणी चालवले? तर ऑफिसने ठेकेदाराची दोन माणसं पाठवली होती. ती फाटकावरून परत गेली, पण हजेरी मात्र लावून गेली. कागदोपत्री पंप त्यांनी चालवले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. जो एकटा माणूस कामावर होता, तेवढ्याचाच संप सरकारदरबारी पुराव्यानिशी सिद्ध होत होता.

“सोपं आहे,” मी म्हणालो. “लॉगबुक दाखवू. दर तासाची ओळ तुमच्या अक्षरात आहे. एका पानात केस खलास.”

भाऊजी म्हणाले, “लॉगबुक नको.”

“नको म्हणजे?”

“नको म्हणजे नको. दुसरं काहीतरी टाइप कर.”

आणि खुंटा एकदा नको म्हणाला की संपलं. मी चिडलो, ताई रडली, पुन्हा मी चिडलो. माणूस स्वतःच्या पायावर कुऱ्हाड मारतोय आणि आपण नुसतं बघायचं! उत्तर द्यायला सात दिवस होते, त्यातले तीन या ‘नको’मध्ये गेले. चौथ्या दिवशी ताईला धुणं ठेवताना कपाटात, उन्हाळी चादरींच्या खाली, लॉगबुक सापडलं आणि तिने मला बोलावलं. महिना संपल्यावर ते ऑफिसात जमा होतं. भाऊजींनी ते त्याआधीच उचलून आणलं होतं. चौतीस वर्षांत कामावरचा खिळाही घरी न आणलेला माणूस.

मी मंगळवारचं पान काढलं. वरच्या सगळ्या ओळी भाऊजींच्या, बारीक, सरळ. दुपारी एक, दोन, तीन आणि चार, या चार ओळी मात्र मोठ्या, तिरक्या अक्षरात. पोट फुगलेला आठ. आणि चार वाजताच्या ओळीपुढे सही. त्या सहीचा फेरा मला झोपेतही ओळखू आला असता. चार वर्षं अर्जांखाली तीच सही मी बघत होतो. भोंगा.

भाऊजी बाथरूममधून बाहेर आले तेव्हा मी पान उघडं धरून बसलो होतो. त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला, स्टुलावर बसले आणि मग सांगितलं.

मंगळवारी दुपारपर्यंत त्यांना तीस तास झाले होते. स्टुलावर बसल्या बसल्या डोळा लागला. दोन नंबरच्या पंपाची पाणी अडवणारी ग्लँड सैल झाली, पाणी उडायला लागलं, पंपाचा आवाज बदलला. त्यांना कळलं नाही. बाहेर फाटकावर भोंगा भाषण करत होता. त्याला कळलं. बावीस वर्षांचा कान. भाषण अर्ध्यावर सोडून, पोटात गोळा आलाय, घरी जाऊन पडतो, असं सांगून तो मागच्या कुंपणाच्या फटीतून आत आला.

“आधी शिव्या दिल्या,” भाऊजी म्हणाले. “मग ग्लँड आवळली. मग म्हणाला, झोप, मी बघतो.”

“आणि तुम्ही झोपलात.”

“लगेच नाही. मी पाना पुढे केला, म्हटलं, दिला. तो म्हणाला, मी संपावर आहे, ‘घेतला’ म्हणता येणार नाही. ‘बघतो’ म्हणतो. मी म्हटलं, ‘घेतला’ म्हण, त्याशिवाय झोपता येणार नाही. यावर पंधरा मिनिटं भांडलो आम्ही.”

“मग?”

“मग पाना पोटाशी धरूनच झोपलो. म्हणजे ड्यूटीवर मीच. तो नुसता बघत होता.”

नुसता बघणारा माणूस दर तासाला उठून आकडे लिहीत होता. कुणी सांगितलं नव्हतं, गरजही नव्हती, पण घड्याळात तास भरला की हात आपोआप पेनाकडे जातो. आणि निघताना, रोज शिफ्ट संपताना ठोकतो तशी, त्याने सहीही ठोकली. संपाचा सेक्रेटरी, संपाच्या दिवशी, स्वतःच्या सहीनिशी कामावर. असला मूर्खपणा पंपावरच्या माणसालाच जमतो.

“तो माझ्यासाठी आत आला,” भाऊजी म्हणाले. “आता मी त्याला पकडून देऊ? पोरांनी त्याच्या शब्दावर दोन दिवस नोकरी धोक्यात घातली. हे पान बाहेर आलं तर त्याला तोंड दाखवायला जागा उरणार नाही.”

“आणि फळ्यावर तुमचं नाव लिहिलंय त्याचं काय? ते त्याने पुसलं?”

त्यांनी टॉवेल खांद्यावरून काढला आणि त्याची नीट घडी घातली. मला अक्षरशः कळेना की कुणावर रागवावं. भोंग्यावर? तो नसता तर त्या दिवशी पंप जळाला असता आणि कदाचित भाऊजीही. भाऊजींवर? ऑफिसवर? कायद्यावर? कायदा तर समोर दिसतही नाही, नुसता पोस्टाने येतो.

संध्याकाळी मी भाऊजींना न सांगता भोंग्याच्या घरी गेलो. त्यालाही नोटीस आली होती, संपाला चिथावणी दिल्याची. तो खाटेवर बसून ती वाचत होता. मी लॉगबुक त्याच्यासमोर आपटलं.

त्याने पान बघितलं. “मी सही केली?” तो म्हणाला. त्याचा एवढा हळू आवाज मी कधी ऐकला नव्हता. मग तो हसला, एकटाच, आणि हसता हसता थांबला.

“फळ्यावरचं नाव तू लिहिलंस?”

“नाही.”

“पुसलंस?”

“पुसलं असतं तर पोरांनी विचारलं असतं, का पुसलंस. मग काय सांगणार होतो?” त्याने डोकं दोन्ही हातांत धरलं. “हे दाखवलं तर मला सरकार सोडेल का?”

मी टायपिस्ट आहे, वकील नाही. पण एवढं मलाही कळत होतं. “नाही. तू संप करायला लावलास, हा तुझा गुन्हा. मध्ये चार तास काम केलंस म्हणून तो पुसला जात नाही.”

“आणि माझी माणसंही सोडणार नाहीत.”

“नाही.”

“म्हणजे त्याचं भलं, माझं दोन्हीकडून वाटोळं.”

मी हो म्हणालो. खोटं कशाला बोलू? त्याने लॉगबुक मला परत दिलं आणि म्हणाला, “परत कपाटात ठेव. वहिनींना सांग, चौकशीला निघताना हे तुझ्या पिशवीत टाकायला. खुंट्याला कळू देऊ नका.” पुढे तो काय करणार हे त्याने सांगितलं नाही आणि मला विचारायचा धीर झाला नाही.

चौकशी ऑफिसातल्या एका अरुंद खोलीत होती. चौकशी अधिकारी एक बाई होत्या, चष्मा साखळीला लावलेल्या, थकलेल्या. त्यांच्यासमोर छापील फॉर्म होता. त्यात दोन चौकटी: ‘संपात सहभागी’ आणि ‘कामावर हजर’. एकीत खूण करायची.

“मंगळवारी तुम्ही कुठे होता?”

“पंपहाउसमध्ये,” भाऊजी म्हणाले.

“पुरावा?”

भाऊजींनी विचार केला. “पाणी आलं ना.”

बाईंनी चष्मा काढला. “पाणी हा पुरावा होत नाही हो.”

“का?” भाऊजींनी खरंच विचारलं. बाईंनी चष्मा पुन्हा लावला. 

तेवढ्यात दार ढकलून भोंगा आत आला. इस्त्रीचा शर्ट घातला होता. “यांच्या मेव्हण्याच्या पिशवीत लॉगबुक आहे,” तो म्हणाला. “मंगळवारचं पान काढा.”

भाऊजी उठले. “अरे, तू गप्प बस. घरी जा.” मग माझ्याकडे असं बघितलं की मी पिशवी पायामागे सरकवली. पण बाईंनी हात पुढे केला होता.

त्यांनी पान वरून खाली वाचलं, मग खालून वर. “या चार ओळी?”

“माझ्या,” भोंगा म्हणाला. “बाकी सगळ्या याच्या. दोन्ही दिवस पंप याने एकट्याने चालवले.”

“तुम्ही तर संपावर होता.”

“होतो.”

“मग कामावर कसे?”

“आवाज बदलला होता पंपाचा.” बाईंना ते कळलं नाही हे बघून तो पुढे म्हणाला, आणि आता त्याचा नेहमीचा आवाज परत आला होता. “बाई, आम्ही संप कशासाठी केला? एका शिफ्टला एकच माणूस असतो म्हणून. एकटा माणूस थकतो, झोपतो, पंप जळतो, म्हणून. ते या पानावर लिहिलंय बघा. चार वर्षं अर्ज करून जे पटलं नाही, ते याने झोपून दाखवलं.”

बाईंनी पान पुन्हा एकदा वाचलं. भाऊजींच्या फॉर्मवर त्यांनी ‘कामावर हजर’मध्ये खूण केली. भोंग्याचा फॉर्म काढला, पेन एका चौकटीवर नेलं, दुसरीवर नेलं आणि टोपण लावून ठेवून दिलं. “याचं मला वर विचारावं लागेल,” त्या म्हणाल्या.

वरून उत्तर तीन आठवड्यांनी आलं. भाऊजींची नोटीस मागे. भोंगा बडतर्फ, बेकायदेशीर संपाला चिथावणी दिल्याबद्दल. त्याच आठवड्यात युनियनची सभा झाली आणि ठरावाप्रमाणे त्याला सेक्रेटरीपदावरून काढलं, संपाच्या काळात काम केल्याबद्दल. एकाच माणसाला एकाच मंगळवारासाठी, एकाने संप केला म्हणून काढलं आणि दुसऱ्याने संप मोडला म्हणून. मी दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले. वेगवेगळे वाचले की दोन्ही नियमाला धरून. मी ते घडी करून ठेवले आणि त्या दिवशी टेबल लावलं नाही. म्हटल्याप्रमाणे कुणाला कळलंही नाही.

भोंगा आता घरोघरी पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. सहा महिने भाऊजी सुटल्यावर त्याच्याकडे जायचे. बोलायचे नाहीत फारसे. तो मोटार खोलायचा, हे बॅटरी धरायचे. शिफ्टला दुसरा माणूस अजून आलेला नाही. बोट ठेवून हजेरी लावायचं मशीन मात्र आलं, म्हणजे पुन्हा घोळ नको.

भाऊजींचा शेवटचा दिवस आला. दोनला सुटणार म्हणून ताई आणि मी फाटकाशी उभे होतो. ऑफिसने हार आणला होता, तो टेबलावर सुकत होता. दोन वाजले. सव्वादोन. अडीच. मी आत गेलो.

भाऊजी पंपहाउसच्या मधोमध उभे, हातात पाना. समोर ठेकेदाराचा नवा ऑपरेटर, चाळिशीचा, भला माणूस, पण पार गोंधळलेला.

“मी म्हणालो काकांना, तुम्ही जा,” तो मला म्हणाला. “मशीनवर बोट ठेवलंय मी. माझी हजेरी लागली.”

“‘घेतला’ म्हण,” भाऊजी म्हणाले.

“अहो, पण काय घेतला? पाना तिथे अडकवा ना. त्याची सही वगैरे लागत नाही.”

त्याचं काही चुकत नव्हतं. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. पण भाऊजी पाना पुढे धरून तसेच उभे. चौतीस वर्षं उभा असलेला माणूस, आणि त्याला सोडवायला एक शब्द मिळेना. नव्या माणसाकडून म्हणवून घेणं अवघड नव्हतं. मी त्याला खूण करणारही होतो. पण सांगून म्हणवलेलं यांना चालणार नाही, हे मला ठाऊक होतं.

तेवढ्यात मागच्या कुंपणापलीकडून, जिथे ती फट होती आणि आता नवी जाळी ठोकली आहे, तिथून आवाज आला. पंपांच्या घरघरीच्या वर, फाटकापर्यंत ऐकू जाईल असा.

“घेतला!”

भोंगा जाळीला दोन्ही हात धरून उभा होता. आत यायला त्याला बंदी आहे. बहुतेक तोही दोन वाजल्यापासून तिथेच असावा.

भाऊजींनी पाना खिळ्याला अडकवला. बेअरिंगवर एकदा हात ठेवून बघितला आणि बाहेर निघाले. दाराशी आल्यावर मात्र थबकले. मला जवळ बोलावलं, नव्या माणसाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू विचारलं.

“अरे, तो आता नोकरीत नाही. त्याचं ‘घेतला’ कायद्याने चालतं का?”

“चालतं,” मी म्हणालो.